भिवापुरी मिरचीची पुडी

तुळसाबाईंनी तांदळाच्या डब्यामागून भिवापुरी मिरचीची पुडी शोधून काढली आणि ओट्यावर आपटली.

“नरहरी, सापडली रे! नऊ वर्षांपासून हेच तुले चारून राहिली ही!”

झालं! आता सूनबाईची धडगत नव्हती. नरहरीच्या पोटातल्या जळजळीपायी वसुंधराने आधी लाल तिखट सोडलं, मग मसाला, शेवटी फोडणीसुद्धा. पोलाद कारखान्याच्या रुआबांधा वसाहतीतल्या त्या क्वार्टरमध्ये जेवलेला पाहुणा परत फिरकत नसे. तरी नवऱ्याचं पोट जळायचं ते जळायचंच.

“माझ्या ताटापुरती आहे ते, आई,” वसुंधरा म्हणाली. “माझ्याच घरात चोरून खावं लागते मले.”

“आज नरहरीच्या पोटात दुर्बीण घातली होती त्याचा रिपोर्ट येते ना? डॉक्टरीण मिरची म्हणाली, तर उद्यापासून चूल माझी. तू फक्त भांडे घासजो.”

सासू बोलली म्हणजे करणारच. आणि नरहरी? प्लांटात भट्टीसमोर छाती काढून उभा राहणारा हा बहाद्दर, दोघींच्या मधे ब्र काढेल तर शपथ!

दवाखान्यात तिघंही गेली. डॉक्टर कमलिनीबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला.

“मिरचीच ना?” तुळसाबाईंना दम निघेना.

“नाही, जंतू. पोटाला आतून अस्तर असतं. हे जंतू त्यात घुसून बसतात. अस्तर सुजतं, झिजतं, आणि मग पोटातलंच आम्ल आतलं मांस जाळतं. तशी जखम झाली आहे यांना. चौदा दिवस गोळ्या घ्या. मिरची झोंबली असेल, पण जखम तिची नाही.”

वसुंधराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नापासूनची नऊ वर्षं एकेक चव सोडत आली होती ती!

“पण जंतू आले कुठून?” तुळसाबाई हटेनात. “हिच्या माहेरून?”

“बहुतेकांना लहानपणीच लागतात. घरातूनच, उष्ट्या-माष्ट्यातून. लहानपणी यांना भरवायचं कोण?”

“मी!” तुळसाबाई ताठ बसल्या. “दात येईपर्यंत भाकर माझ्या तोंडानं चावून चावून...”

नरहरी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागला.

संध्याकाळी वसुंधराने नरहरीचं वरण वेगळं काढलं आणि उरलेल्याला मिरचीची सणसणीत फोडणी दिली. घरभर ठसका गेला. तिघंही खोकली.

थोड्या वेळाने तुळसाबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“सूनबाई, त्या गोळ्यांचं माझ्यासाठीही विचारजो. माझंही जळते, वीस वर्षांपासून.”

“वीस वर्षं? मग कधी बोलल्या कावून नाही?”

“काय बोलू, माय? तेव्हा चूल माझीच होती.”