डॉक्टरांच्या इंजिनात टोळीचं तेल

नागपूरच्या दवाखान्यात भरती व्हायला निघताना डॉक्टर बापूजींनी बायकोला, मनकर्णाबाईंना, स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं ते मोटारीबद्दल. सावली गावात तेव्हा, म्हणजे पंचावन्न सालच्या दसऱ्यात, घरची मोटार म्हणावी अशी ती एकच होती. छातीच्या आजारानं किती महिने जातील कोण जाणे, आणि उभी गाडी आतून गंजते. म्हणून त्यांनी मनकर्णाबाईंना कागदावर लिहून दिलं. पेट्रोल काढून टाकायचं, उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा, दर शनिवारी चारही प्लग काढून एकेका भोकात चमचाभर इंजिन तेल सोडायचं, प्लग परत लावायचे आणि इंजिन फिरवायचं पुढचं हॅन्डल दोनदा फिरवायचं.

"मले आणाले मूलच्या स्टेशनावर गाडीच पाठव," ते म्हणाले. "बैलबंडीत भाताच्या पोत्यासारखा मी येणार नाई."

"मी घेऊन येईन गाडी," बाई म्हणाल्या.

जहीर मिस्त्रीनं सगळं एकदा करून दाखवलं आणि तो लाकूड वाहणाऱ्या ट्रका दुरुस्त करायला आलापल्लीला निघून गेला. बाई मात्र दर शनिवारी आंघोळ करून, काही न खाता इंजिनाला तेल देत. नागपूरहून पत्रं येत; त्यात तब्येत एका ओळीत आणि हॅन्डल चार ओळींत. बाई उलट टपाली कळवत, हॅन्डल फिरते.

मार्गशीर्षात तेलाचा डबा संपला. आजारी माणसाला तेवढ्यासाठी काय लिहायचं? बाईंच्या वडिलांची बंडी चाळीस वर्षं टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलावर चालली होती, आणि तिचं चाक कधी कुरकुरलं नव्हतं. डॉक्टरांना त्या तेलाचा वास सहन होत नसे. बावीस वर्षांत त्यांनी ते स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं, सणाचे वडेसुद्धा जवसाच्या तेलात. पण बंदी होती ती स्वयंपाकघराला. बाईंनी शेजारच्या लटारूकडून बाटली आणली. आणि दुखणाईत माणसाच्या गाडीला चमचाभर तेल देणं त्यांना चिक्कूपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी एकेका भोकात वाटीभर ओतलं.

टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं हे झाडीपट्टीत कोणालाही विचारा. पौषात बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय थेंब निघत नाही. बाईंनाही ते ठाऊक होतं; पण चुलीजवळचं ज्ञान मोटारीपाशी आठवलं नाही.

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी तार आली. डॉक्टरांना उद्या मूलला आणत आहेत, गाडी पाठवा. दवाखान्यानं हात टेकले होते, हे तारेत नव्हतं. बाईंना ते तारेच्या घाईतून कळलं. त्या धावत हॅन्डलपाशी गेल्या. हॅन्डल हललं नाही. लटारू येऊन त्यावर सगळा भार टाकून लोंबकळला, तेव्हा त्याची कंबर तेवढी हलली.

सुदैवानं जहीर आदल्याच दिवशी परतला होता. त्यानं प्लग काढला, भोकात बोट घातलं आणि बोटावरचा पांढरा गोळा बराच वेळ पाहिला.

"बाई, इंजनात तूप कोणं भरलं?"

बाईंनी सांगितलं. मग जहीरनं घमेल्यात निखारे मागवले आणि ते इंजिनाखाली सरकवले. तेल सुटायला लागलं, तसं ते खालच्या फटींतून टपटप निखाऱ्यांवर पडलं आणि भडका उडाला. जहीर वाळू आणायला पळाला. लटारूनं मात्र विचार न करता विहिरीच्या गार पाण्याच्या तीन बादल्या इंजिनावर रिकाम्या केल्या. भडका विझला. तेल पुन्हा थिजलं, पहिल्यापेक्षा घट्ट.

"आता हे चैताशिवाय सुटत नाई," जहीर म्हणाला.

बुधवारी बाई लटारूची बंडी घेऊन मूलला गेल्या. भाताच्या तणसावर दोन गोधड्या घालून डॉक्टरांना निजवलं. वजन इतकं उतरलं होतं की एकट्या लटारूनं उचललं. गाव मागे पडेपर्यंत ते डोळे मिटून होते.

"गाडी?"

बाईंनी सगळं सांगितलं, निखाऱ्यांसकट.

"किती घातलं?"

"वाटीभर."

"एकेका भोकात?"

"हो."

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसले. मग म्हणाले, "बरं झालं. गाडीत झोपाले जागा नाई पुरत."

त्यानंतर ते अकरा दिवस जगले. तेरवीचे वडे बाईंनी जवसाच्या तेलात तळवले.

चैत्रात, ऊन तापलं तसं, एका शनिवारी बाईंनी सवयीनं हात लावला आणि हॅन्डल लोण्यात फिरावं तसं फिरलं. जहीरनं तेल उपसलं, नवं भरलं, बोळा काढला, पेट्रोल घातलं. चौथ्या फेरीला इंजिन लागलं आणि आतलं उरलंसुरलं तेल जळून मागून पांढरा धूर निघाला. गल्लीभर टोळीच्या तेलात वडे तळल्याचा वास पसरला. लटारू हात पुसत बाहेर आला आणि आज कशाचं जेवण हाय म्हणून विचारू लागला.

बाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "मूलच्या स्टेशनावर चाल."

"काऊन बाई? कोण येऊन राह्यलं?"

"त्यायले सांगतलं होतं, गाडी घेऊन येईन म्हणून."

जहीरनं गाडी मूलच्या रस्त्याला घातली. स्टेशनावर आगगाडी आली, चार माणसं उतरली, गेली. बाईंनी खाली उतरून मागचं दार उघडलं, थोडा वेळ धरलं आणि लावून घेतलं.

जाताना जहीर गाडी पळवत होता, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. परतताना मात्र म्हणाल्या, "हळू चालव. मांगं धक्के बसतात."