बटणाआधी बर्वे

आमच्या शेजारचे बर्वे सख्ख्या मुलीचा फोन आला तरी आधी विचारतात, "आपल्या पहिल्या मांजराचं नाव काय?" ती बंगळूरहून "मनी" म्हणते, मग हे म्हणतात, "हां, बोल आता." आवाजाची हुबेहूब नक्कल करून लुबाडणारे लोक निघालेत, हे खरंच आहे. पण एकदा ती चिडून "टॉमी" म्हणाली, तर यांनी खरोखर फोन ठेवून दिला. आता ती बहुतेक मेसेजच करते.

मुलांनो, सुट्टीत तुम्ही वायफायचा पासवर्ड मागायला गेलात आणि ज्यांनी तुम्हाला उंबऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतली, तेच हे बर्वे. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले. शेवटची बदली जयपूरची होती, इथेच राहिले. पत्नी गेल्यापासून एकटे असतात.

इथल्या झोटवाडा भागातल्या ज्या चादरींच्या कारखान्यात मी परदेशी ग्राहकांची इंग्रजी पत्रं लिहायला जाते, तिथले संगणक बर्वे सांभाळतात. ठशांनी छापलेल्या चादरी आपल्याला दिसतात, पण तिथली खरी पुंजी म्हणजे नक्ष्यांची चित्रं आणि ग्राहकांचे पत्ते. बर्वे त्या सगळ्याच्या तीन प्रती ठेवतात. एक ऑफिसात, एक दूर इंटरनेटवर आणि एक कशालाच न जोडलेल्या डिस्कवर. ही डिस्क त्यांच्या घरी, पत्नीच्या शालूच्या घडीत असते. "तिथे कोणी हात लावत नाही, वहिनी." प्रती घेऊनही ते थांबत नाहीत, अधूनमधून त्या उघडून पाहतात. "न उघडलेली प्रत आणि न उघडलेली लोणच्याची बरणी, दोन्हींचा भरवसा धरू नये. बुरशी आतच असते."

प्रत्येक टेबलावर त्यांनी एक चिठ्ठी डकवली आहे: 'बटन से पहले बर्वे.' खाली फोन नंबर. त्याखाली, 'दब गया, तो भी बर्वे. गलती माफ, छुपाना नहीं.' ऑफिसातल्या मुली त्यांची फिरकी घेतात. "बर्वेजी, छींक आ रही है, छींक लूँ?" बर्वे गंभीरपणे म्हणतात, "रुमाल से, बेटा. वायरस है."

माझ्या शेजारचं टेबल बाबूजींचं. बाबूजींनी हा कारखाना उभा केला. आता कारभार त्यांचा मुलगा विनोदजी बघतात. बाबूजींना काही काम नाही, पण रोज कडक इस्त्रीचा कुर्ता घालून ते येतात, संगणक लावतात, जुन्या नक्ष्या बघतात, आलेली पत्रं वाचतात. विनोदजी अधूनमधून सुचवायचे, "बाबूजी, अब घर पर आराम कीजिए." बाबूजींना ऐकू येत नसे. एरवी त्यांचे कान उत्तम आहेत.

एका दुपारी विनोदजी ग्राहकांना घेऊन शहराबाहेर कानोत्याला गेले होते. कुरिअर कंपनीच्या नावाने मेलवर एक बिल आलं आणि बाबूजींनी ते उघडलं. पडद्यावरच्या नक्ष्यांची नावं एकेक करून भलतीच होऊ लागली. मग लाल चौकट आली: पैसे द्या, नाहीतर सगळं विसरा. बाबूजींचा चेहरा न छापलेल्या चादरीसारखा पांढरा पडला. पण त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि फोन लावला.

"शाबाश, बाबूजी. फोन वहिनी को दीजिए," बर्वे म्हणाले. "वहिनी, कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या डब्याची निळी तार खेचा."

"दोन निळ्या आहेत. एक जरा फिकट—"

"दोन्ही खेचा, वहिनी! रंगाचं नंतर बघू!"

मी खेचल्या. सगळं ऑफिस जागच्या जागी थांबलं.

विनोदजी परतले ते पैसे देण्याच्या तयारीतच. बर्वे म्हणाले, "चोर को एक बार दो, तो वह हमारा पता सँभालकर रखता है. मेरी डिस्क है." दोन संगणक पार गेले होते, तार वेळेवर निघाल्याने बाकीचे बचावले. दोन दिवस बर्वे ऑफिसातून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळ्या नक्ष्या जागेवर होत्या.

तेव्हा विनोदजींनी सर्वांसमोर विचारलं, "किसने दबाया था?"

बर्वे म्हणाले, "नहीं बताऊँगा."

"बर्वेजी, कंपनी मेरी है."

"आणि चिठ्ठी माझी आहे," ते ताडकन मराठीतच म्हणाले, मग हिंदीत वळले. "गलती माफ, ऐसा लिखा है मैंने."

बाबूजी उठून उभे राहिले. "विनोद, मैंने दबाया."

विनोदजी खालच्या आवाजात म्हणाले, "तो कल से आपका कंप्यूटर बंद, बाबूजी. घर पर ही ठीक है."

"मग माझंही बंद," बर्वे म्हणाले. भावनेच्या भरात त्यांची हिंदी नेहमी संपते. मी भाषांतर करायला पुढे झाले, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि शब्द शोधत, ठामपणे बोलले. बाबूजींनी त्याच क्षणी फोन केला म्हणून कारखाना वाचला. आज त्यांना घरी बसवलं, तर पुढच्या वेळी जो कोणी चुकेल तो गप्प बसेल, आणि चोर निवांत आत फिरेल. "खुर्ची रहेगी. नहीं तो दूसरा आदमी देखो."

विनोदजींनी वडिलांच्या कुर्त्याकडे पाहिलं. "हफ्ते में एक बार इनकी ट्रेनिंग लेंगे आप?"

"लूँगा."

ही तालीम म्हणजे काय, ते मला पुढच्या महिन्यात कळलं. सकाळी थालीपीठ द्यायला गेले, तर बर्वे एक खोटं पत्र तयार करत होते: आपणांस स्कूटर बक्षीस लागली आहे, येथे दाबा. मी व्याकरणाच्या दोन चुका दाखवल्या. "राहू द्या वहिनी, चोर तुमच्या कॉलेजात शिकलेले नसतात." त्यांनी पत्र बाबूजींना पाठवलं आणि फोन समोर ठेवून बसले. थालीपिठाकडे बघितलंही नाही.

फोन वाजला. बाबूजींचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "बर्वेजी, यह तो नकली है! मुफ्त में स्कूटर कौन देता है?"

"वाह बाबूजी!" मग गुडघ्याची चौकशी झाली. मग बाबूजींनी आपल्या लग्नातली काहीतरी हकीकत सुरू केली. बराच वेळ गेला. मी खुणेनेच ताटलीकडे बोट दाखवलं. बर्वेंनी फोनवर हात ठेवला.

"तालीम चालू आहे, वहिनी."

"पण विनोदजींनी आठवड्यातून एकदा सांगितलं होतं ना? परवाही तुम्ही फोनवरच होतात."

"रोजच घेतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "धोका काय वार बघून येतो?" आणि हात काढून पुन्हा फोनला कान लावला. "हाँ बाबूजी, फिर? बारात पहुँची कि नहीं?"