पांढऱ्या गल्लीचा नकाशा

१. संकट नेहमी हमरस्त्यानेच येते. म्हणून कारखान्यातून उडालेली किरणोत्सारी धूळ शहरात कुठे कुठे बसली हे शोधायला खात्याने गाडी घेतली. टपावर यंत्र, यंत्राला पंखा (ड्रायव्हरला खिडकी आहे). धूळ सापडली की यंत्र किरकिरते आणि नकाशावर तांबडा ठिपका उमटतो. नाही सापडली तर हिरवा. जिथे गाडी गेलीच नाही तिथे कागद पांढरा राहतो, आणि पांढरे म्हणजे स्वच्छ, हे धुणाऱ्या बाईलाही कळते.

२. यंत्र स्वभावाने सालस आहे. गाडी हळू चालली तर फार किरकिरते, पळाली तर फारसे मनावर घेत नाही. साहेबांनी वेग वाढवायला सांगितला. महिन्याभरात निम्मे शहर सुधारले.

३. (कोरे. म्हणून निर्धोक.)

४. ड्रायव्हरची धाकटी बहीण राहते त्या गल्लीत गाडी शिरत नाही. गल्लीच्या तोंडाशी यंत्राने बोंब ठोकली होती. आत मात्र सगळे पांढरे.

"दादा, खरं सांग, बाळ्याला अंगणात सोडू का? रांगतोय, हाताला येईल ती माती तोंडात घालतोय."

"नकाशात पांढरं आहे."

"नकाशा घाल चुलीत! तुझं पोर असतं तर सोडलं असतंस?"

ड्रायव्हरने टपावरचे यंत्र उतरवले आणि भाच्याच्या बाबागाडीला सुतळीने बांधले. (नियमात वाहनाला चाके लागतात. होती.) अंगणात बाबागाडीने असा टाहो फोडला की शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं, घे की त्याला जरा! किती रडवशील?"

बाळ्या आईच्या कडेवर गाढ झोपला होता.

५. खात्याने तातडीने दखल घेतली. बाबागाडी ठरलेल्या वेगाने न पळाल्यामुळे मोजणी रद्द झाली. ड्रायव्हरला टेबलाचे काम मिळाले. बहीण त्याच संध्याकाळी बाळ्याला घेऊन भावाकडे राहायला आली. वहिनी एका शब्दाने बोलली नाही (भांडी बोलली).

६. गल्ली आजही पांढरीशुभ्र आहे. बहिणीची खोली अंगणासकट लगेच भाड्याने गेली. नव्या बिऱ्हाडाने नकाशा बघूनच घेतली. त्यांचेही पोर रांगते आहे.

एव्हाना तुम्हीही आपली गल्ली नकाशावर शोधली असेल. पांढरी? वाटलंच. अभिनंदन.

बरं, आमची गाडी तुमच्या दारावरून गेलेली आठवते का?