चाकाची उजवी बाजू

तपासणीच्या बाई गुरुवारी येणार असं पत्र आलं आणि काकांनी हिरव्या रंगाचे दोन डबे आणले.

काकांच्या मालकीचा एक मातीचा बांध होता. त्याच्यामागे त्यांच्या वडिलांनी हौसेने साठवलेलं तळं होतं आणि तळ्यात नऊ होड्या. होड्या चालवायला परवाना लागतो हे काकांना तीन वर्षांपूर्वी कळलं, आणि तेव्हापासून अर्ज चालूच होता. पहिल्या वर्षी बांधात उंदरांची बिळं निघाली म्हणून तो परत आला, दुसऱ्या वर्षी बांधावर झुडपं होती म्हणून. आता ही शेवटची संधी. गुरुवारी पास झालो तर ठीक, नाहीतर रविवारपासून होड्या कायमच्या काठावर.

म्हणून काकांनी गवत कापलं, बिळं बुजवली आणि लोखंडाची दिसेल ती वस्तू रंगवून काढली. त्यात तळ्याच्या बुडाशी असलेली झडप उघडायचं चाकही आलं. वडील गेल्यापासून ते कुणी फिरवलं नव्हतं. काकू त्यावर लाइफ जॅकेटं वाळत घालायच्या. चाकावर दिशा दाखवणारा एक बाण होता. काकांनी त्यालाही दोन हात दिले.

बाई वेळेवर आल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात सात पानी फॉर्म. बांधाच्या पायथ्याशी त्यांनी ठिकठिकाणी काठी खुपसली. ओल नव्हती. बीळ नव्हतं. काकांची छाती फुगत चालली.

"आता झडप उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

"कशाला? चांगली बंद आहे की."

"उद्या बांधाला धोका झाला तर तळं रिकामं करता यायला हवं. थोडीशीच उघडा, पाच मिनिटं."

मदतीला काकूंचा धाकटा भाऊ छोटू आला होता. छोटू चोपन्न वर्षांचा होता आणि दारातून तिरका होऊन आत यायचा. त्याचं पूर्वी नळफिटिंगचं दुकान होतं. ते का बंद पडलं, हा विषय घरात कुणी काढत नसे.

चाक सायकलच्या चाकासारखं उभं होतं. काका अलीकडे उभे राहिले, छोटू पलीकडे. इकडे ओढून झालं, तिकडे ओढून झालं, तेल पाजून झालं. काकांनी चार शिव्याही काढल्या, पण बाईंकडे बघून त्यातल्या अडीच गिळल्या. शेवटी कर्रर्र असा आवाज होऊन चाक वीतभर सरकलं आणि बांधाच्या पलीकडे ओढ्यात पाण्याची धार पडू लागली.

"छान!" बाईंनी फॉर्मवर खूण केली. "आता बंद करा."

"डावीकडे सरकलं ना रे?" काकांनी विचारलं.

"डावीकडेच," छोटू म्हणाला, कारण दाजींना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

मग दोघांनी जिवाच्या आकांताने उजवीकडे ओढलं. काका आपल्या उजवीकडे, छोटू आपल्या उजवीकडे. चाक जागचं हलेना.

"अहो, तुम्ही दोघं एकमेकांशीच कुस्ती खेळताय!" काकू काठावरून ओरडल्या. "त्या बाणाकडे बघा ना!"

काकांनी बाणाकडे पाहिलं. तिथे सुरेख हिरवा रंग होता.

"छोटू, यातलं तुला कळतं," काका नमतं घेत म्हणाले. "तुझं उजवं धरू."

छोटूच्या उजवीकडे चाक भराभर फिरलं. दोघांचे चेहरे खुलले.

"पाण्याचा आवाज वाढला का रे?"

"दाजी, बंद होताना शेवटी पाइप असाच ओरडतो. तुम्ही जोर लावा."

जोर पुरेना म्हणून छोटूने चाकात लांबलचक लोखंडी नळी अडकवली आणि तिच्यावर आपलं सगळं वजन टाकलं. खाट्‌ असा आवाज होऊन चाकापासून झडपेपर्यंत जाणारा दांडा तुटला. त्यानंतर चाक दोन्ही दिशांना, एका बोटाने, पंख्यासारखं फिरू लागलं.

"आता कुणाचंही उजवं चालेल," काकू म्हणाल्या.

दुपार कलली तशी तळ्याचा तळ दिसू लागला. आधी वल्ही निघाली, मग चष्मे, मग एक शिडी. ही शिडी परत दिली असं छोटूने दहा वर्षांपूर्वी शपथेवर सांगितलं होतं.

"छोटू, ही बघ, तू परत दिलेली," काकू म्हणाल्या. छोटूला अचानक ढगांमध्ये रस वाटू लागला.

एवढ्यात मुलांची लाडकी, पायांनी चालवायची बदकाची होडी ओढीला लागली. गरगर फिरत ती पाइपाच्या तोंडाशी गेली आणि मानेपर्यंत आत घुसली. गुडुप्‌! धार थांबली.

काका बांधावर मटकन बसले. "बाबांनी सहा उन्हाळे माती टाकली हो इथे. आणि मी एका दुपारात..."

बाई अजून तिथेच होत्या. फॉर्म अर्धा सोडायची त्यांना मुभा नव्हती. "पाणी किती उरलंय?" त्यांनी विचारलं.

काकू चपला काढून थेट मध्यापर्यंत चालत गेल्या. "गुडघाभर!"

बाईंनी चष्मा पुसला, नियमांची पुस्तिका उघडली, बोट फिरवत एका जागी थांबल्या आणि सातही पानं मधोमध फाडली.

"नापास?" काकांनी विचारलं.

"कमरेखाली पाणी असेल तर परवाना लागतच नाही. रविवारी खुशाल होड्या चालवा."

रविवारी जत्रा लोटली. ज्यांच्या घरच्यांनी आजवर पाण्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, ते सगळे आले. एक गृहस्थ होडीतून पडले. काठावर किंकाळी उठली. ते उठून उभे राहिले, पॅन्ट पिळली आणि होडी हाताने ढकलत तिच्याबरोबर चालू लागले. बायको आत बसून त्यांना वळणं सांगत होती.

सोमवारी सकाळी छोटू खांद्यावर नवा दांडा घेऊन हजर झाला. रात्रभर त्याला झोप नव्हती. "दाजी, चूक माझी. तासाभरात बदक सोडवतो, झडप बसवतो. पावसाळा संपेपर्यंत तळं पहिल्यासारखं काठोकाठ!"

काकांनी तळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, छोटूच्या खांद्यावरचा दांडा अलगद उतरवून घेतला आणि आत हाक मारली, "अगं, छोटू आलाय. चहा टाक. जेवूनच जाईल तो. आणि काय रे, गुडघेदुखी कशी आहे तुझी? नाही, नाही, नीट सविस्तर सांग. पहिल्यापासून."