दगडाचा जीव कुणावर?

आमचे शेजारी तात्या कुणाच्याही घरी गेले, की आधी फरशीवर पाण्याचा एक थेंब सोडतात. औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर त्यांच्या खिशात पेनाशेजारीच असतो. मग गुडघे टेकून, एक डोळा मिटून ते थेंबाकडे बाजूने बघतात. थेंब पसरला तर म्हणतात, "हिचा जीव पाण्यावर हाय." फुगून गोळीसारखा बसला तर, "हिचा तेलावर." तोवर चहा निवतो.

तात्या मूळचे इंदापूरजवळच्या कळस गावचे. एकतीस वर्षं गुजरातेत तेलविहिरींच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्तीनंतर बारामतीत आमच्या शेजारी बंगला बांधला. जमिनीखाली तेलाची तळी असतात, अशी माझी समजूत होती. ती त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडली.

"तळं कशाचं? दगडाच्या भोकाभोकात चिकटलेलं असतंय. आत पाणी सोडून ते ढकलत बाहेर काढायचं. पाणी खारट असलं, की दगड तेलाला धरून बसतो. मीठ कमी केलं, की सोडतो." आणि लगेच, "सगळेच दगड न्हाय हां! उगं गावभर सांगत सुटाल."

ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. मी शहाबादी फरशीच्या दोन तुकड्यांना तेल चोळून आठवडाभर ठेवलं. मग एक तुकडा बोअरच्या पाण्यात बुडवला, दुसरा फिल्टरच्या. बोअरच्या पाण्यात लिटरला अठराशे मिलिग्रॅम क्षार, फिल्टरच्या पाण्यात साठ. असं तीनदा केलं. दोनदा फिल्टरच्या पाण्यातलं तेल थेंब थेंब गोळा होऊन सुटलं. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही. मी जरा खजील होऊन हे सांगितलं, तर तात्या खूश झाले. "दोनदा जमलं म्हणून तिसऱ्यांदा लपवलं न्हाय. प्रयोगशाळेत खपला असता तुमी."

एकदा मी त्यांना इंदापूरला फरशीच्या दुकानात नेलं. ही चूक माझी. त्यांनी सतरा नमुन्यांवर थेंब टाकले. शेवटी दुकानदार वैतागला. "तात्या, फरशी बघताय का पोरगी?"

"पोरगी बघताना एवढं बघितलं असतं," तात्या मान वर न करता म्हणाले, "तर निम्म्या गावाची लग्नं झाली नसती."

कॉलनीत कुठं तेल सांडलं, की तात्यांचा सल्ला ठरलेला: सोडा घाला, गोड्या पाण्यानं धुवा. त्यांच्या स्वतःच्या मागच्या पडवीला मात्र हा नियम नव्हता. तिथली शहाबादी फरशी फक्त बोअरच्या पाण्याने पुसायची, साबण-सोडा बंद. खारामुळे तिच्यावर पांढरा थर चढला होता. तात्या गोड्या पाण्याची चिक्कूगिरी करतात, असं सगळे समजायचे.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीला बघायला पाहुणे येणार होते आणि जेवणं पडवीत होती. आदल्या दिवशी सकाळी त्यांची सून रेखा आमच्याकडे आली. "काका, नळाच्या पाण्याची एक बादली आणि मूठभर सोडा, एवढंच मागतीय मी त्यांच्याकडं, पडवी धुवायला. तर तिथं पाय ठेवू देत नाहीत. पाहुणे काय म्हणतील? तुमचं ऐकतात ते."

मी गेलो. तात्या पडवीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"तात्या, तेलाला गोडं पाणी, हे तुम्हीच शिकवलंत."

"व्हय."

"मग इथंच खारं का?"

"इथलं तेल निघायला नको हाय म्हणून."

त्यांनी मला आत नेलं आणि कोपऱ्यातली एक फरशी दाखवली. तिच्यावर तळहाताएवढा काळपट डाग होता. त्याच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ.

"ही हितं बसून गुडघ्याला तेल चोळायची," तात्या म्हणाले. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, जाऊन पाच वर्षं झाली. "उठताना हात टेकायची. रोज, त्याच जागी. रेघ गेल्याच्या गेल्या वर्षी मारली. कड थोडी आत आलीया." मग हळूच म्हणाले, "रेखाला सांगू नका. म्हणंल, म्हातारा खुळावला."

मी डाग नीट पाहिला. कड खरंच आत आली होती, एका बाजूने दीड मिलिमीटर तरी. खाऱ्या पाण्याने ते थांबत नव्हतं. फार तर वेळ लागत होता. हे तात्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

स्वयंपाकघरात रेखा सोड्याची बादली तयार ठेवून उभी होती. "काय म्हणाले?"

खोटं मला जमत नाही. मी सगळं सांगितलं.

"आत्याबाईंचा एक हात फरशीवर असायचा, काका," ती म्हणाली. "दुसरा माझ्या खांद्यावर."

तिने बादली मोरीत ओतली आणि बोअरची मोटर चालू केली.