ड्रमवाला सोफ्यावर कसा पोचला

“आई, तू फक्त टीव्ही लाव आणि बघत बस! जॅक पेनवुडच्या शेजारी, सोफ्यावर बसलेला दिसेन मी!” कॅझ विझनियाकने न्यूयॉर्कहून फोनवर ठोकून दिलं.

सोफ्याची थाप त्याने जागच्या जागी मारली होती. जॅक पेनवुडच्या रात्रीच्या कार्यक्रमात सोफ्यावर कोण बसतं हे अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होतं. नटनट्या बसत, मुष्टियोद्धे बसत, एकदा तर एक सर्कशीतलं माकडही बसलं होतं. बँडवाल्यांना मात्र शेवटची चार मिनिटं मिळत. वाजवायचं, जॅक उठून येणार, हात मिळवणार, संपलं! पण आईने एवढ्या आशेने विचारलं, “तुला बसवतील ना रे त्याच्या बाजूला?” तेव्हा कॅझच्या तोंडून ‘नाही’ निघेना.

“थांब, तुझ्या बाबांना बोलायचंय,” आई म्हणाली.

ब्रुनो विझनियाकचं टोलीडोच्या लग्रँज स्ट्रीटवर गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करण्याचं दुकान होतं. “गाडी पळवायला काय, गाढवही पळवेल. थांबवायला अक्कल लागते!” हे त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते ऐकल्याशिवाय कुठल्याही गिऱ्हाइकाची सुटका नसे. मुलाने दुकानात यायचं सोडून बँडमध्ये ड्रम वाजवायला घेतले, हे त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही असं तो सगळ्यांना सांगे. दिवसातून चार वेळा सांगे. ‘द टिन मेयर्स’ हा मुलाचा बँड ऐकायला मात्र तो एकदाही गेला नव्हता. “डबे बडवायचे तर माझ्याकडे गॅरेजात पुष्कळ डबे आहेत,” म्हणायचा.

“काय रे, चेहरा दिसेल ना तुझा?” ब्रुनोने फोनवर थेट विचारलं.

“दिसेल म्हणजे काय, बाबा!”

“नाही, एडीच्या बोलिंग हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे. सगळ्या लीगला, आमच्या बोलिंग खेळणाऱ्या टोळीला, बोलावलंय मी. फादर स्टॅनिस्लाव्हसुद्धा येतायत. दुकान दुपारीच बंद करतोय.”

कॅझला वाटलं आपण चुकीचा नंबर लावला. ब्रुनोने दुकान लवकर बंद केलं नव्हतं ते स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही!

“तू एकदा टीव्हीवर दिसलास ना,” ब्रुनो खाकरला, “तर मग काय... मानीन मी. नाहीतर लीगवाले म्हणतील, ब्रुनोचा मुलगा न्यूयॉर्कला टॅक्सी धुतो आणि ब्रुनो थापा मारतो.”

आता सांगा, ज्या माणसाने आयुष्यात मुलाला ‘मानीन’ म्हटलं नाही, त्याने ते म्हटल्यावर मुलाने काय करावं? कॅझने छाती फुगवली आणि फोन ठेवला.

दुपारी रंगीत तालीम झाली. रात्रीचा कार्यक्रम म्हणतात खरा, पण तो दुपारी कललेल्या उन्हात चित्रित होतो आणि रात्री लोकांना ताजा म्हणून वाढतात. प्रेक्षकांना डुलकी लागू नये म्हणून स्टुडिओत थंडी तर अशी ठेवलेली की दूध नासलं नसतं! तालीम झाल्यावर कॅझने पडद्यावर स्वतःला शोधलं. चार मिनिटांच्या गाण्यात एकदा त्याचं कोपर दिसलं. एकदा काठीचं टोक दिसलं. बाकी सगळीकडे होते रॉय टॅलबटचे केस.

रॉय म्हणजे बँडचा गायक. त्याच्या केसांबद्दल काय सांगावं? त्यांच्यात एखादं कुटुंब सुखाने नांदलं असतं. आणि कॅझ होता नेमका त्यांच्या मागे.

“मॅडम, ड्रमवाला दिसत नाहीये हो,” कॅझने मंचाची व्यवस्था बघणाऱ्या मिस गोल्डफार्बला हळूच सांगितलं.

“ड्रमवाले ऐकू येतात,” तिने मानही वर केली नाही. “दिसायचं कशाला?”

“रॉय, तू जरासा उजवीकडे उभा राहशील?”

“शक्यच नाही! माझ्या जागेवर पट्टी चिकटवलीय. केसांवर खास दिवा सोडलाय त्यांनी!”

“नदीन, तू तरी त्याला केस बांधायला सांग ना.”

बास गिटार वाजवणारी नदीन या दोघांना शाळेपासून ओळखून होती. “तू सांग,” ती म्हणाली. “मी लांब उभी राहून बघते.”

कॅझ हताश होऊन आपल्या चौथऱ्यावर बसला. बसल्या बसल्या त्याचं लक्ष खाली गेलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चौथऱ्याला चाकं होती! अशा कार्यक्रमात ड्रम आधी पडद्यामागे मांडून ठेवतात, आणि जाहिराती चालू असताना अख्खा चौथरा ढकलत पुढे आणतात. जागेवर आणला की चारही चाकांचे ब्रेक पायाने दाबून टाकायचे, बस्स. म्हणजे ब्रेक सोडायचे, चौथरा दोन हात डावीकडे सरकवायचा, ब्रेक पुन्हा लावायचे. रॉयच्या केसांच्या कडेने चेहरा सूर्यासारखा उगवणार! ब्रेकवाल्याच्या मुलाला यात अवघड ते काय?

चित्रीकरण सुरू झालं, आणि बँडच्या आधीची जाहिरातींची वेळ आली. कामगारांनी चौथरा आणला, ब्रेक लावले, ते गेले. कॅझ खाली उतरला. खट् खट् खट् खट्! चारही ब्रेक सुटले. एक धक्का दिला आणि चौथरा लोण्यासारखा सरकला. कॅमेऱ्यांची चाकं अडू नयेत म्हणून तिथली जमीनच तशी गुळगुळीत होती. त्याने पहिला ब्रेक लावायला पाय उचलला.

“ए ड्रमवाल्या!” मिस गोल्डफार्ब किंचाळली. “खाली काय करतोयस? जागेवर बस! पाच, चार...”

कॅझ उडी मारून बसला. तीन बोटं दिसली, दोन बोटं दिसली, आणि तेव्हा त्याला आठवलं की ब्रेक राहिले!

तोवर जॅक पेनवुड म्हणाला होता, “टोलीडोहून आलेले, द टिन मेयर्स!” आणि गाणं सुरू झालं.

पायाने वाजवायचा मोठा ड्रम असतो ना, त्याचा पहिला ठोका पडला आणि चौथरा बोटभर पुढे गेला. दुसरा ठोका, आणखी बोटभर! कॅझने हळू वाजवून पाहिलं, तर रॉयने पाठमोऱ्यानेच हात वर करून खुणावलं, ‘जोरात!’ जोरात वाजवलं की चौथरा खुशीत दुडूदुडू पळायचा. थांबायची सोयच नव्हती. जॅकच्या कार्यक्रमात एकदा झालेलं पुन्हा करत नाहीत, हा तिथला वर्षानुवर्षांचा नियम. ड्रम थांबले की गाणं बसलं, आणि गाणं बसलं की एडीच्या हॉलमध्ये ब्रुनोचं नाक कापलं!

रॉयला ड्रम जवळ येताना ऐकू येत होते, पण त्याला वाटलं, गडी आज रंगात आलाय! तोही बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला. चौथरा त्याच्या बगलेतून पुढे निघाला तेव्हा रॉयने डोळे मिटले होते. उघडले तर मागे असायचा तो माणूस पुढे!

“कुठे चाललास?” रॉय दोन ओळींच्या मध्ये ओरडला.

“मला काय विचारतोस?” कॅझ दोन ठोक्यांच्या मध्ये ओरडला.

चौथऱ्याच्या चाकाने रॉयच्या माइकची वायर उपटली आणि गायक मुका झाला. नदीन हसत हसत वाजवत शेजारून चालायला लागली, एखाद्याला स्टेशनवर पोचवायला जावं तशी. वरच्या खोलीत बसलेल्या दिग्दर्शकाने हे पाहिलं आणि तिन्ही कॅमेरे कॅझवर वळवले. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. इथे तर तीन दिले! आता अख्ख्या पडद्यावर फक्त कॅझ, आणि त्याचा चेहरा उतारावर सुटलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरसारखा!

समोर जॅकचं टेबल होतं, आणि त्याच्या शेजारी तो सोफा. सोफ्यावर एक वयस्क नटी बसली होती. तिने बरंच जग पाहिलेलं असावं, कारण तिने शांतपणे आपली पर्स उचलली आणि एका बाजूला सरकून जागा करून दिली.

चौथरा सोफ्यावर आदळला. कॅझ स्टुलावरून उडाला, जाता जाता शेवटच्या झांजेवर काठी बसली, ती अगदी तालात बसली, आणि तो धपकन सोफ्यावर जॅक पेनवुडच्या शेजारी पडला!

 प्रेक्षक असे उसळले की ‘टाळ्या वाजवा’ सांगणारी पाटी लावायलाच कुणाला सुचलं नाही. जॅकने हात पुढे केला.

“कुणाचे कोण आपण?”

“ब्रुनोचा मुलगा,” कॅझ धापा टाकत म्हणाला. त्या घटकेला त्याला स्वतःचं नावही आठवेना.

पडदा पडल्यावर रॉय जे बोलला ते छापण्यासारखं नाही. कॅझ मिस गोल्डफार्बच्या मागे लागला. “मॅडम, एवढं कापून टाका हो! पाया पडतो!”

“कापू?” ती डोळे पुसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. “पोरा, हे जसंच्या तसं जाणार.”

आता एकच उपाय होता. बाबांना आधीच सांगायचं. कॅझने एडीच्या बोलिंग हॉलला फोन लावला. मागे चेंडू गडगडत होते, पोलिश सॉसेज तळल्याचा चर्र आवाज येत होता.

“बाबा, ऐका. कार्यक्रम बघू नका.”

“कॅझ? अरे, तू फोन कसला करतोस? तयारी कर! केस विंचर!”

“अहो, ते होऊन गेलंय, बाबा.”

“काय होऊन गेलंय? कार्यक्रम रात्री आहे!”

“रात्री दाखवतात हो. होतो दुपारी.”

“दुपारी?” ब्रुनो खो खो हसला. “मग जॅक दर रात्री ‘शुभ रात्री’ म्हणतो, ते काय वेडा म्हणून?”

“बाबा, खरंच सांगतो! माझी फजिती झालीय! लीगला घरी पाठवा, टीव्ही बंद करा, काहीही करा!”

 पलीकडे ब्रुनोने रिसीव्हरवर हात धरला असावा, कारण चेंडूंचा आवाज एकदम लांब गेला.

“हे बघ,” तो दबक्या आवाजात म्हणाला. त्या आवाजात तो कॅझशी कधी बोलला नव्हता. “घाबरलायस तू. होतं असं. दुकान उघडलं त्या दिवशी मी मागच्या दाराने पळून गेलो होतो, तुझ्या आईने धरून आणलं. तू पळू नकोस. चुकलं तर चुकलं! मी इथे पहिल्या रांगेत बसलोय. कळलं?”

 आता या माणसाला काय सांगायचं? इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते आले, आणि आले ते नेमके गाडी खड्ड्यात गेल्यावर!

“कळलं, बाबा,” तो म्हणाला.

त्या रात्री तो गादीवर तोंडावर उशी घेऊन पडला. सकाळी नदीन पेपर घेऊन आली. कुणा समीक्षकाने लिहिलं होतं, ‘गायकाला गप्प करून ड्रमवादकाने सत्तेच्या सोफ्यावर चढवलेला हा हल्ला टीव्हीच्या इतिहासातलं धाडसी विधान आहे!’ रॉयने ते वाचलं, केस झटकले, आणि नाश्त्याला ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगायला लागला की कल्पना मूळ त्याचीच. जॅकच्या ऑफिसमधून सोफ्यावरच्या कॅझचा मोठा फोटोही आला. कॅझने तो आईच्या नावाने पाठवून दिला आणि घरी फोन लावला.

“पाहिलंत, बाबा?”

“पाहिलं.”

“लीगवाले काय म्हणाले?”

“नाचले. फादर स्टॅनिस्लाव्हनी सगळ्यांना बिअर पाजली. तुझी आई अजून रडतेय, सोफ्यावर बसलास म्हणून.”

“आणि... तुम्ही?”

पलीकडे ब्रुनो नुसता खाकरला.

“पेपरात लिहिलंय, धाडसी विधान आहे म्हणे,” कॅझने आधार शोधला.

“विधान कसलं डोंबलाचं!” ब्रुनो कडाडला. “ब्रेक लावायला विसरलास, गाढवा!”

लाखो लोकांनी तो कार्यक्रम पाहिला होता. त्यातल्या फक्त एकाला खरं काय ते कळलं होतं.

नोव्हेंबरात तिकडच्या आभाराच्या सणाला कॅझ घरी आला तो भीत भीतच. वाटेत दुकान लागलं. आत गिऱ्हाइकांची ही गर्दी! आणि ब्रुनो हातातला पाना नाचवत सगळ्यांना सांगत होता, “चेहरा बघा, चेहरा! माझा मुलगा!” त्याच्या मागे भिंतभर मोठा करून, चौकटीत बसवून तोच फोटो लावला होता. काठ्या हातात, डोळे बाहेर आलेले, कॅझ सोफ्यावर. रॉयचा एक केसही कुठे दिसत नव्हता.

कॅझचे डोळे भरून आले. ते पुसून त्याने फोटोखाली ब्रुनोने स्वतःच्या हाताने रंगवलेली ओळ वाचली.

‘ब्रेक वेळेवर तपासून घ्या.’