भगवानअण्णांची पावलं

आमच्या ऑफिसातले भगवानअण्णा अंतर कधीच किलोमीटरमध्ये सांगत नसत. पावलांत सांगत. "यष्टी स्टँडापासून ऑफिस तीनशे बारा पावलं. पावसात तीनशे चाळीस, डबकी चुकवावी लागत्यात." एकदा मी चिडवलं, "अण्णा, मुंबई किती पावलं?" तर गंभीरपणे म्हणाले, "तिकडं आपलं काय काम न्हाय."

आमची ठिबक सिंचनाची कंपनी. धाराशिवात स्टँडामागं, कापडदुकानाच्या माडीवर आमचं तक्रारींचं ऑफिस. जिना अरुंद, पंखा कुरकुरा, मोटारसायकल लावायला जागा नाही. भूम, तेर, जळकोटचे शेतकरी यष्टीतून उतरले की फुटकी नळी घेऊन थेट वर. दिवसातून तीनदा अण्णा घड्याळ बघून उठायचे आणि "आलोच" म्हणून वीस मिनिटं गायब. तंबाखूला जातात, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

मग साहेबांनी जाहीर केलं, ऑफिस बायपासच्या पलीकडं हायवेवर न्यायचं. एसी, पार्किंग, सगळं झकास. "कुणाकुणाला पसंत?" भराभर हात वर. माझाही. खोटं कशाला बोलू, स्टँडापाशी माझी गाडी रोज कुणीतरी ओरबाडायचं.

अण्णांचा हात खालीच. "साहेब, तेरचा म्हातारा यष्टीतनं उतरून तिथवर कसा येणार? उडत?"

"अहो, सात मिनिटांचा रस्ता!"

"तुमच्या कारला."

त्या रविवारी हा माणूस भर उन्हात नव्या जागेकडं चालत निघाला. सोमवारी पायाला फोड घेऊन हजर. "सहा हजार आठशे. पुढं चक्कर आली, मोजणं सोडलं." हसून हसून ऑफिसची मुरकुंडी वळली.

मला मात्र राग आला. जिन्यात गाठून विचारलं, "अण्णा, शेतकऱ्यांचा एवढा पुळका कशापायी?"

"शेतकरी गेले चुलीत," ते म्हणाले. "माझी लीला घरात एकटी असती."

घर मागच्याच बोळात. बायको अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणावर, मूलबाळ नाही. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यासाठी ते तीनदा उठत. कामाला बाई ठेवून बघितली, एकही टिकली नाही.

"मग साहेबांना सांगा की!"

"सांगितलं तर म्हणतील, घरीच बसा. मग खायचं काय? तूबी बोलायचं न्हाय. बोललास तर लीलाची शपथ हाय."

एरवी मी शपथाबिपथा मानत नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या बाईची शपथ! ती मोडली आणि उद्या वहिनींना काही झालं तर? साहेबांना सांगायला माझी जीभ रेटेना.

ऑफिस हललं. अण्णा सकाळी वहिनींची कूस बदलून निघत, ते संध्याकाळीच घरी पोचत. शेजारीण दुपारी एकदा डोकवायची, तेवढाच आधार. इकडं एसीत बसून अण्णा घामाघूम. शेतकरीही येईनासे झाले. साहेब खुशीत म्हणाले, तक्रारी कमी झाल्या. दिवाळीच्या आधी वहिनींच्या पाठीला जखम झाली, ती चिघळली आणि वहिनी गेल्या. माझा नुसता संताप झाला, पण काढणार कुणावर?

तेराव्याला साहेब आले. माझ्या शेजारीच जेवायला बसले, मनापासून हळहळले. "अण्णा, एका शब्दानं कुणी सांगितलं असतं, तर तुम्हाला गावातच काम लावून दिलं असतं. कुणालाच माहीत नव्हतं?"

मी हातातला घास पानात ठेवला.

"ह्याला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "पर ह्याला काय बोलू नका, साहेब. शपथ म्याच घातली होती. तिला काय होऊ न्हाय म्हणून ह्यानं पाळली."

मग वाढप्याच्या हातातलं भांडं घेऊन त्यांनी स्वतः माझ्या पानात भात वाढला. "जेव पोटभर. कुणी उपाशी उठलेलं तिला खपायचं न्हाय."

मी मान खाली घालून जेवलो.